संगणकीय युद्धखेळांतील हवाई चढाई आणि रसदपुरवठा

बुद्धिबळाच्या पटावर घोडा हे एकच मोहरे असे आहे की, ज्याला मधल्या मोहऱ्यांची आडकाठी होत नाही. हत्ती आणि उंट यांच्या वाटा एखादे प्यादेही अडवू शकते. घोडा मात्र अडीच घरांची उडी घेऊन प्रतिपक्षाच्या पाठीशी जाऊन बसतो. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत हे स्थान छत्रीधारी सैनिकांना लाभलेले आहे. शत्रूची आघाडी कितीही भक्कम असो, विमानातून उतरणारे हे सैनिक तिच्या डोक्यावरून पलीकडे जातात. येथवर साम्य चांगले जुळते. परंतु पटावरच्या घोड्याला पलीकडे गेल्यावर दाणावैरण लागत नाही. छत्रीधारी सैनिकाला ती लागते, आणि ती आणून देणारी वाट त्याने स्वतःच मागे टाकलेली असते. हवाई चढाईची सारी नीती या एका अडचणीभोवती फिरते. म्हणून युद्धखेळांचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास त्यांतील विमाने किती हुबेहूब रंगविली आहेत हे पाहण्यापेक्षा या अडचणीचा हिशेब त्यांत कसा मांडला आहे, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

मुंबईत हे खेळ विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजले. लॅमिंग्टन रोडवरील संगणकांच्या दुकानांतून त्यांच्या तबकड्या गिरगाव, परळ, दादर येथील घरांत पोचत. ज्यांच्या घरी संगणक नव्हता अशी मुले तासावर पैसे मोजून सायबर कॅफेत बसत. त्या काळातील 'रेड अलर्ट' (१९९६) या खेळात सोव्हिएत पक्षाने विमानतळ बांधला की ठराविक अवधीने छत्रीधारी सैनिकांची एक तुकडी आपोआप हाताशी येते. पडद्याच्या कडेच्या चित्रावर टिचकी मारावी, नकाशावर जागा दाखवावी, की विमान येते आणि शिपाई उतरतात. त्यांना अन्न लागत नाही, त्यांचा दारूगोळा सरत नाही, आणि ते सारे मेले तरी थोड्या वेळाने दुसरी तुकडी सिद्ध असते. पुढे 'कमांड अँड कॉन्कर : जनरल्स' (२००३) या खेळातही अमेरिकन पक्षाला अशीच सोय दिलेली आहे. या मांडणीला केवळ पोरखेळ म्हणून हसणे मात्र योग्य नव्हे. आकाशातून कोणी केव्हाही उतरेल या धास्तीने खेळाडूला आपल्या पिछाडीस पहारा ठेवणे भाग पडते, आणि तितके सैन्य आघाडीवरून कमी होते. हवाई दलांचा हा अप्रत्यक्ष उपयोग खऱ्या युद्धांतही मोठाच ठरला आहे. उणीव आहे ती उतरल्यानंतरच्या हिशेबात.

प्रत्यक्षात छत्रीधारी दल हे फार दरिद्री दल होय. अंगावर आणि विमानाच्या पोटात मावेल तेवढेच त्याचे धन. रणगाडे नाहीत, मोटारी थोड्या, तोफा असल्याच तर हलक्या. शिधा आणि दारूगोळा दोन-तीन दिवस पुरेल इतका. भूमीवर पाय टेकल्या क्षणापासून त्याचे बळ घटू लागते. उलट शत्रूला बातमी लागली की त्याच्या कुमकी चोहोंकडून येऊ लागतात आणि त्याचे बळ वाढत जाते. या दोन रेषा कोठेतरी एकमेकींस छेदतात. त्या घटकेपूर्वी जमिनीवरून येणारे मुख्य सैन्य येऊन मिळाले तर उडी सार्थकी लागली. न मिळाले तर उत्तमातील उत्तम पलटण हकनाक खर्ची पडली. विमाने किती आणि माणसे किती हे आकडे महत्त्वाचे खरेच, परंतु योजनेचा प्राण तासांच्या आकड्यात असतो.

दुसरी अडचण विखुरण्याची. खेळात ज्या घरावर बोट ठेवले त्याच घरात पलटण उतरते. यातील सोपेपणा किती फसवा आहे, हे दादरच्या शिवाजी पार्कवर ताडून पाहता येईल. डकोटासारखे विमान सैनिक सोडताना ताशी सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर या वेगाने जात आहे असे धरावे. वीस सैनिक दर सेकंदाला एक याप्रमाणे दारातून बाहेर पडले, तर पहिला आणि विसावा यांच्यामध्ये ९५० मीटरांचे अंतर पडते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची संपूर्ण प्रदक्षिणाच सव्वा किलोमीटरच्या आत भरते; मैदानाची लांबी तर अर्धा किलोमीटरही नाही. म्हणजे एकाच विमानातील निम्मे शिपाई मैदानावर उतरले, तर उरलेले दादर स्थानकाच्या बाजूस घरांच्या छपरांवर, किंवा विमान उलट दिशेने जात असल्यास चौपाटीपलीकडे समुद्रात. ही गोष्ट एका विमानाची झाली, तीही वारा पडलेला असताना. पुरी पलटण उतरवावयाची तर अशी विमाने डझनांनी लागतात. लालबाग-परळच्या चाळी आणि गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे यांच्या दाटीत तर हा विचारच नको. यास्तव योजनाकार लक्ष्यापासून दूर, मोकळी शेते पाहून उतरणक्षेत्र निवडतो, आणि मग ते दूरपणच त्याच्या मुळावर येते.

हॉलंडमधील आर्नहेम येथे १९४४ च्या सप्टेंबरात हेच घडले. १७ सप्टेंबर रोजी ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन ऱ्हाईन नदीवरील पूल घेण्यासाठी उतरली. पण तिची उतरणक्षेत्रे पुलापासून बारा-तेरा किलोमीटरपर्यंत दूर होती. चर्चगेटला उतरावे आणि दादरच्या टिळक पुलापर्यंत शत्रूशी लढत चालत जावे, त्याहूनही हे अंतर थोडे अधिकच. सातशेच्या आसपास सैनिक पुलाच्या उत्तर टोकाशी पोचले आणि चौथ्या दिवसापर्यंत झुंजले. दोन-तीन दिवसांत येणारे मुख्य सैन्य त्यांच्यापर्यंत आलेच नाही. बिनतारी यंत्रे नीट चालेनात. पुरवठ्याची विमाने मोठ्या धैर्याने येत राहिली, परंतु ठरलेली टाकणक्षेत्रे जर्मनांच्या हाती गेल्याची बातमी वेळेवर न पोचल्यामुळे बराचसा माल शत्रूच्याच पदरात पडला.

या मोहिमेवर अनेक खेळ निघाले आहेत. त्यांपैकी ऑस्ट्रेलियातील पँथर गेम्स या संस्थेचा 'एअरबोर्न असॉल्ट : रेड डेव्हिल्स ओव्हर आर्नहेम' (२००२) आणि त्यापाठोपाठ संपूर्ण मोहीम कवेत घेणारा 'हायवे टू द राइश' (२००३) हे अभ्यासकाने आवर्जून पाहावेत असे आहेत. त्यांत षट्कोनी घरे नाहीत आणि पाळीपाळीने खेळणेही नाही. घड्याळ अखंड चालू असते. खेळाडू एकेका शिपायाला हाकत नाही. तो मुख्य ठाण्याला आज्ञा देतो, ठाणे ती हाताखालच्या तुकड्यांना देते, आणि आज्ञा अमलात येईपर्यंत वेळ जातो. पूल समोर दिसतो आहे, तुकडी मोकळी आहे, पण आज्ञा अजून वाटेत आहे, हा अनुभव इतर खेळांत क्वचित येतो. पुढे 'कॉन्क्वेस्ट ऑफ द इजियन' (२००६) या खेळात, ज्यात क्रीटवरील १९४१ ची जर्मन उतरणही आहे, रसदतळ आणि तेथून तुकड्यांकडे जाणारा पुरवठा यांचाही हिशेब आला. दिसावयास हे खेळ रुक्ष आहेत. कागदी नकाशासारखा नकाशा आणि त्यावर चौकोनी खुणा. सायबर कॅफेतील मुलांनी ते कधी उघडले असण्याचा संभव कमीच.

रसदीचा विचार ज्यांनी खेळाच्या केंद्रस्थानी आणला, त्यांत 'युनिटी ऑफ कमांड' (२०११) याचे नाव घ्यावे लागते. त्यात १९४२-४३ च्या स्टालिनग्राड मोहिमेचा पट मांडलेला आहे. रसद रेल्वेमार्गाने येते आणि मार्गापासून ठराविक पल्ल्यापर्यंतच पोचते. शत्रूने मागून वाट कापली की वेढलेल्या सैन्याची अवस्था पाळीगणिक खालावते, आणि थोड्याच पाळ्यांत बलाढ्य डिव्हिजनही लढण्याच्या कामातून जाते. मराठी वाचकाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. अब्दालीने दाणागोटा तोडल्यावर पानिपतच्या छावणीचे काय झाले, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. वेढलेल्या सैन्यास आकाशातून जगविता येईल काय, या प्रश्नाचे स्टालिनग्राडने दिलेले उत्तर आकड्यांत स्पष्ट आहे. जर्मन सहाव्या सैन्याला रोज किमान ३०० टन माल लागत होता. विमानांनी पोचविलेला माल सरासरीने १०० टनांच्या आसपासच राहिला.

'हार्ट्स ऑफ आयर्न ४' (२०१६) हा स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेचा खेळ सबंध दुसरे महायुद्ध हाताळतो. त्यात छत्रीधारी सैनिकांना विमानतळ लागतो, वाहतुकीची विमाने लागतात आणि लक्ष्यावरील आकाशात आपले वर्चस्व असावे लागते. हीच विमाने वेढलेल्या सैन्याला माल टाकण्यासही लावता येतात, म्हणजे उडी की रसद असा खराखुरा पेच खेळाडूपुढे पडतो. येथवर योजना चांगली आहे. तथापि शत्रूची राजधानी आणि मोजकी शहरे घेतली की देश शरण येतो, असा या खेळाचा नियम असल्यामुळे चतुर खेळाडू थेट शहरांवर छत्रीधारी उतरवून युद्ध चुटकीसरशी मिटवितात. रसद संपण्यापूर्वी खेळच संपला, तर रसदीचे नियम कितीही सूक्ष्म असून उपयोग काय? नियमांच्या एका पानावरील ढिलाई दुसऱ्या पानावरील कसोशी वाया घालविते, याचे हे ठळक उदाहरण होय.

खेळांत हवाई रसद बहुधा एका आकड्याने व्यक्त होते : इतकी विमाने, म्हणून इतका पुरवठा. टाकलेला माल हाती पडतो की नाही, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही. मणिपुरातील सांगशाकची लढाई या बाबतीत विचारात घेण्याजोगी आहे, आणि तिच्यात मराठा सैनिकांचा निकटचा संबंध आहे. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमा यांकडे निघाले असता सांगशाक या नागा खेड्याच्या टेकडीवर पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने त्यांना अडविले. तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. छत्रीधारी ब्रिगेड असूनही तिचे सैनिक तेथे विमानातून उतरले नव्हते. पायदळ म्हणूनच लढले. आकाशातून आली ती केवळ रसद. टेकडीवर पाण्याची टंचाई होती, काटेरी तार नव्हती, आणि व्यापलेली जागा इतकी लहान की वरून टाकलेल्या मालापैकी बराच माल कडेबाहेर, जपान्यांच्या हाती पडला. तहानलेल्या माणसांनी आपले पाणी आणि दारूगोळा शत्रूच्या बाजूस उतरताना पाहिला. २२ ते २६ मार्च एवढे दिवस झुंजून २६ च्या रात्री उरलेले सैनिक जंगलातून बाहेर पडले. पण त्या दिवसांत जपान्यांची जी खोटी झाली ती इंफाळच्या बचावास फार मोलाची ठरली.

यातून खेळ रचणाऱ्यास एक साधा नियम काढता येतो. हवाई रसदीचा लाभ विमानांच्या संख्येबरोबरच वेढ्याच्या आतील क्षेत्रफळावर अवलंबून ठेवावा. क्षेत्र जसजसे आक्रसेल तसतसा मालाचा अधिक हिस्सा शत्रूला मिळावा. म्हणजे माघार घेऊन फळी आखूड करण्याची जी युक्ती इतर प्रसंगी शहाणपणाची ठरते, तीच येथे उपासमार ओढवून घेईल. असा पेच खेळात आला तर सांगशाकच्या टेकडीवरील अधिकाऱ्यांपुढे काय वाढून ठेवले होते, याची काही कल्पना खेळाडूला येईल.

ज्या उडीत सारे हिशेब जुळले, तिचे उदाहरण १९७१ च्या बांगलादेश युद्धातील टांगाइल येथे सापडते. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, जिच्या नावातच मराठा हा शब्द होता, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या आधिपत्याखाली तेथे उतरली. मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट लोहाजंग नदीवरील पुंगली पुलाशी रोखणे, हे तिचे काम. ए. एन. १२, पॅकेट, कॅरिबू, डकोटा अशी जी विमाने हाती होती ती सर्व वापरली गेली. माणसे आणि सामान बऱ्याच विस्तृत प्रदेशात विखुरले. तरीही त्याच दिवशी अंधार पडल्यावर पूल ताब्यात आला, आणि तो परत घेण्यासाठी रात्री झालेले हल्ले परतविले गेले. दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, जमिनीवरून येणाऱ्या ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ब्रिगेडची गाठ पडली. गाठ घेणारी पलटण होती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, म्हणजे जंगी पलटण. मुंबई बेटावरील कंपनी सरकारच्या ठाण्यांच्या रक्षणासाठी १७६८ साली मुंबईतच उभारली गेलेली ती हीच. चार दिवसांनी, १६ डिसेंबरच्या सकाळी, ढाक्यात प्रथम शिरणाऱ्यांत छत्रीधारी मराठ्यांची पलटण होती.

आर्नहेमला चौथ्या दिवशीही जे साधले नाही ते येथे एका दिवसात साधले. उतरणक्षेत्र लक्ष्याच्या जवळ होते आणि जमिनीवरील ब्रिगेड आधीच वेगाने निघालेली होती, ही दोन कारणे कोणत्याही चांगल्या खेळात आकड्यांनी दाखविता येतील. तिसरे कारण पटावर मांडणे कठीण आहे. टांगाइलचा परिसर कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिसैनिकांच्या प्रभावाखाली होता, आणि त्यांच्याशी संधान बांधण्यासाठी कॅप्टन पी. के. घोष हे भारतीय अधिकारी आधीच तेथे जाऊन राहिले होते. उडी पडली तेव्हा आसपासच्या गावांतील लोक धावून आले. शेतांत आणि तळ्यांकाठी पडलेले दारूगोळ्याचे गठ्ठे त्यांनी डोक्यावर वाहून आणले. सांगशाकला कडेबाहेर पडलेला माल शत्रूचा झाला. टांगाइलला तो आपल्या लोकांनी आणून दिला. विखुरलेपणाचा दंड दोन्हीकडे सारखाच होता. भूमी कोणाची, यावरून तो वसूल झाला किंवा माफ झाला. बहुतेक खेळांत गावे म्हणजे नकाशावरील ठिपके असतात, आणि त्यांत राहणारी माणसे कोणत्याच पक्षाची नसतात.

याच उडीची आणखी एक बाजू आहे. उतरली ती एक पलटण; परंतु वृत्तपत्रांतून बोलबाला झाला तो पाच हजार छत्रीधाऱ्यांच्या ब्रिगेडचा, आणि त्यासोबत छापले गेलेले छायाचित्र आग्र्याच्या एका जुन्या सरावातील होते. ढाक्यातील पाकिस्तानी सेनापतींच्या मनोधैर्यावर या बातमीचा परिणाम झाला. लाकडी पटावर असे काही करणे अवघड, कारण सोंगटी दोघांनाही सारखीच दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रशियात जो युद्धपट खेळला जाई, त्यात यासाठी मध्यस्थ नेमलेला असे; दोन्ही बाजूंचे खरे चित्र तोच जाणे. संगणक हा मध्यस्थ उत्तम होऊ शकतो. एका खेळाडूला सातशे आणि दुसऱ्याला पाच हजार असा आकडा दाखविणे त्याला मुळीच कठीण नाही. तरीही प्रचारातील खेळ अज्ञाताच्या पडद्यापलीकडे, ज्यास खेळाडू फॉग ऑफ वॉर म्हणतात, फारसे गेलेले नाहीत. शत्रू दिसत नाही एवढेच ते जाणतात. शत्रू खोटा दिसू शकतो, हे त्यांत सहसा येत नाही.

हा पडदा अजिबातच नसला तर काय होते, हे दक्षिण मुंबईने २००८ साली पाहिले. २८ नोव्हेंबरच्या सकाळी कुलाब्यातील नरिमन हाऊसच्या गच्चीवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले. शिवाजी पार्कच्या उदाहरणातील विखुरण्याची अडचण येथे नव्हती. हेलिकॉप्टर अधांतरी स्थिर राहू शकते, आणि शहराच्या दाटीत गच्ची हेच उतरणक्षेत्र होते. परंतु ही संपूर्ण उतरण दूरचित्रवाणीवर थेट दाखविली जात होती. हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडे तेच प्रक्षेपण पाहून दूरध्वनीवरून सूचना देत असल्याचे पुढे उघड झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या आपल्या निकालपत्रात या प्रक्षेपणाबद्दल कठोर शब्द वापरले. संगणकखेळांच्या मोठ्या स्पर्धा जेव्हा थेट दाखविल्या जातात, तेव्हा प्रतिस्पर्ध्याने पडद्यावर डोकावून चाल ओळखू नये म्हणून त्या प्रक्षेपणास कित्येकदा मुद्दाम काही मिनिटांचा विलंब लावलेला असतो. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास भारतातील वाहिन्यांना मनाई करणारा नियम २०१५ साली झाला.